तुम्हाला रडू आलं, त्यांना आकडे मिळाले

आदरणीय काकू, नमस्कार.

मी मानेवाड्यात राहते, शाळेत शिकवते. हे हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मुलगी दहावीत आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात, गुडघ्यांनी अगदी बेजार झाल्या आहेत. आमची छोटी गाडी १३ वर्षांची झाली आणि मागच्या उन्हाळ्यात तिचा एसी दोनदा बंद पडला. गाडी बदलायची यावर घरात दुमत नाही. कोणती घ्यायची यावरून मात्र महिनाभर धुसफूस चालली आहे.

टीव्हीवर सध्या एक जाहिरात लागते. बाप मुलीला कॉलेजच्या होस्टेलवर सोडायला निघतो. रस्ताभर दोघं बोलत नाहीत. घाट लागतो, पाऊस येतो, थांबतो. मुलगी वरची काच उघडते, वर आभाळ दिसतं. गेटपाशी ती उतरते, चार पावलं जाते आणि पळत परत येऊन बापाच्या गळ्यात पडते. मग गाडी दिसते आणि सहा एअरबॅग, मायलेज, डिक्की, हप्ता असं सगळं एकामागोमाग येतं. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा रडले. हे म्हणाले, "तू जाहिरात बघते, मी गाडी बघतो," आणि वही काढली. वहीत सगळे आकडे आहेत. ऑन रोड साडेतेरा लाख, साडेतीन लाख आपले, दहा लाखांचं कर्ज, सात वर्षं, हप्ता सोळा हजार. मी काहीही विचारलं की वहीत उत्तर तयार. पुन्हा वर, "सगळे घेऊन राहिले, आपणच मागं काऊन राहायचं?" सासूबाई म्हणतात, घेऊ दे, पोरगा हौशी आहे. त्यांना मुलाचं वाईट वाटतं. यांना डिप्लोमासाठी अमरावतीला पाठवलं तेव्हा सासरे गणेशपेठच्या एसटी स्टँडपर्यंतसुद्धा आले नव्हते, ड्युटी होती, असं त्या नेहमी सांगतात.

मला एवढा हप्ता नको वाटतो. पण जाहिरात बघून रडणारी मीच, मग कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

मानेवाड्याच्या ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या एका ओळीसाठी. त्या ओळीकडे शेवटी येते.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. जाहिरात बघून रडू येणारं माणूस हप्त्याला नाही म्हणू शकतं, त्यात विसंगत काही नाही. तुमच्या घरात जी वाटणी झाली आहे, तुम्ही हळव्या आणि हे व्यवहारी, ती मात्र मला मान्य नाही. दोघांनी एकच जाहिरात बघितली आणि ती दोघांनाही लागली. तुमचं डोळ्यांवाटे बाहेर आलं, त्यांचं वहीत उतरलं.

हे मी अंदाजानं लिहीत नाही. मी २२ वर्षं बँकेत होते, त्यातली ११ बर्डीवरच्या एका शाखेत वाहनकर्जाच्या टेबलावर. समोरचा माणूस अर्जावर सह्या करता करता मला गाडी का घेतोय ते सांगायचा. मी विचारलेलं नसायचं. बँकेला पगाराची स्लिप लागते, कारण लागत नाही. तरी सांगायचे. आईला दवाखान्यात न्यावं लागतं, साइट बुटीबोरीच्या पुढे आहे, मुलांचे क्लास दूर आहेत. "मला ती आवडली" असं म्हणणारा एकही माणूस मला आठवत नाही. एका गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून गाडीचं माहितीपत्रक काढलं होतं. चार घड्या घातलेलं, आणि घड्यांवरचा रंग पार उडालेला, इतक्या वेळा ते उघडून मिटलं होतं. माझ्यासमोर ते पसरून ते मला मायलेज सांगत होते. तोंडात मायलेज होतं आणि बोट गाडीच्या फोटोवरून फिरत होतं.

गाडीची जाहिरात या माणसासाठी बांधलेली असते, आणि त्याच्या घरच्यांसाठीही. गाडी कुणा एकाला हवी असते आणि दुसरं कुणी तरी विचारतं, "कशाला?" हा "कशाला" जाहिरात बनवणाऱ्यांना पक्का ठाऊक असतो. म्हणून आधी बाप-लेक, घाट, पाऊस दाखवून इच्छा जागी करतात आणि शेवटच्या काही सेकंदांत घरी द्यायची उत्तरं हातात ठेवतात. तुमच्या मिस्टरांची वही म्हणजे ती शेवटची सेकंदं आहेत, फक्त त्यांच्या अक्षरात. ते तुम्हाला फसवत नाहीत. त्यांना स्वतःलाही वाटतं की गाडी आपण आकड्यांवरून निवडली.

ही रीत जुनी आहे. १९२३ साली अमेरिकेत जॉर्डन नावाच्या छोट्या कंपनीनं आपल्या गाडीची एक जाहिरात दिली. बाकीचे इंजिनाचे गुण सांगत असताना तिच्यात मोकळं माळरान होतं, घोडेस्वार होता आणि भरधाव गाडी हाकणारी एक मुलगी होती. यंत्राबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. पुढे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या अर्न्स्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञानं १९३९ साली क्रायस्लरच्या प्लिमथ गाडीसाठी लोकांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. त्याला दिसलं की छप्पर उघडणाऱ्या गाडीच्या ओढीनं पुरुष दुकानात येतात, आणि बायकोला घेऊन पुन्हा येतात तेव्हा बंद छपराची, घरच्यांची गाडी घेऊन जातात. उघडी गाडी काचेमागे दिमाखात उभी ठेवायची आणि विकायची दुसरी, हे धोरण त्यातून निघालं. बायकांचं मत विक्रीत किती मोलाचं आहे, हेही त्याच अभ्यासात कंपनीच्या ध्यानात आलं. आजची सनरूफ बघितली की मला डिख्टरची आठवण येते. छप्पर उघडणारी गाडी आणि घरच्यांची गाडी आता एकाच पत्र्यात बसवून देतात.

आपल्याकडे हे मिश्रण वेगळ्या चवीचं झालं, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न पेट्रोलचा. मारुतीची ती जुनी जाहिरात तुम्हाला आठवत असेल. सरदारजींचा छोटा मुलगा खेळण्यातली गाडी घरभर पळवतो, वडील थांब म्हणतात, तर तो म्हणतो, काय करू पप्पाजी, पेट्रोल संपतच नाही. सांगायचं होतं फक्त मायलेज, पण लक्षात राहिला तो पोरगा. पुढे त्याच कंपनीनं "कितना देती है" हा आपल्या सगळ्यांच्या तोंडातला प्रश्नच जाहिरात करून टाकला. १९९८ मध्ये ह्युंदाई सँट्रो घेऊन आली तेव्हा ही कोरियन कंपनी कुणाला माहीत नव्हती. जाहिरातीत कंपनीचा माणूस शाहरुख खानला गळ घालतो आणि शाहरुख उलट शंका विचारतो, मी का करू तुमची जाहिरात? लोकांच्या मनातली भीती आवडत्या नटाच्या तोंडी दिली की ती अर्धी तिथेच विरते.

नॅनोचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. रतन टाटांना पावसात स्कूटरवर भिजत जाणारं चौघांचं कुटुंब दिसलं आणि त्यातून ही गाडी सुचली, असं ते सांगत. गरज अस्सल होती. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली, २००९ मध्ये ती रस्त्यावर आली, आणि २०१८ पर्यंत तिचं उत्पादन जवळपास थांबलं. "सर्वात स्वस्त" हा शिक्का चुकला, हे टाटांनी स्वतः पुढे बोलून दाखवलं. माझ्या टेबलावर नॅनोच्या कर्जाला आलेली माणसं आवाज खाली आणून गाडीचं नाव सांगत. त्यांना भिजायचं नव्हतं, पण स्वस्तातली गाडी घेतली असं चाळीतल्यांनी म्हणावं हेही नको होतं. तेव्हा ताई, भावना बाजूला ठेवा असं मी तुमच्या मिस्टरांना कधीच सांगणार नाही. दारात गाडी उभी राहिली की मान वर होते. या सुखाला किंमत आहे. फक्त ती किती, हे दोघांनी मिळून ठरवायचं.

भावना कुठून आणली आहे, हेही बघायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये रस्ता सुरक्षेच्या सरकारी मोहिमेत एक फिल्म आली होती, आपले खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ती लोकांसमोर ठेवली होती. मुलीची पाठवणी चालली आहे, बाप रडतो आहे, आणि पोलिसाच्या वेशातला अक्षय कुमार त्याला विचारतो की मुलीला ज्या गाडीतून पाठवतोस तिला दोनच एअरबॅग का. एअरबॅगचं म्हणणं रास्त होतं. पण बापानं लग्नात गाडी देण्याचं चित्र दाखवल्यानं हुंड्याला बळ मिळतं, अशी टीका झाली, आणि ती मला पटली होती. चांगल्या सांगण्याला भलत्या ठिकाणची भावना जोडली की तीही सोबत घरात येते.

आता वही. मिस्टरांसमोर ती उघडा आणि एकेक ओळ आपल्या घराशी ताडून बघा. त्यांना खोटं पाडायला हे करू नका. ते इतक्या मनापासून आकडे लिहितात, तर ते आकडे तुमचे असू द्या.

मायलेज घ्या. जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीचा असतो, आपल्याकडे बहुधा पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचा. तो खोटा नसतो. पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर चाक फिरवून, ठरलेल्या वेगाच्या आखणीनं होते, आणि आजवर ती एसी बंद ठेवून होत आली आहे. नवतपात दुपारी दोन वाजता एसी बंद ठेवून कुणी मानेवाड्याहून हिंगण्याला जाऊन दाखवावं. समजा वहीत लिटरला २० लिहिलं आहे आणि हातात १४ पडले. रोज जाऊन-येऊन २५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. वहीप्रमाणे साडेबत्तीस लिटर, प्रत्यक्षात साडेसेहेचाळीसच्या आसपास. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला सुमारे साडेचौदाशे रुपयांचा फरक. जीव जाईल इतका तो मोठा नाही, पण सोळा हजारांच्या हप्त्याशेजारी तो वहीत हवा.

एअरबॅगवर मी जरा थांबते, कारण इथे तुमचे मिस्टर बरोबर आहेत. सुरक्षेची काळजी जाहिरातींत यायला आपल्याकडे फार उशीर झाला. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला असे पाच पहिल्यांदाच मिळाले, आणि तेव्हापासून तारे हाही विक्रीचा शब्द झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू आहे. तेव्हा एअरबॅग मोजण्याआधी त्या गाडीची चाचणी झाली आहे का आणि मोठ्यांसाठी व लहानांसाठी वेगवेगळे तारे किती आहेत, ते बघा. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीनं काम करते. तुमच्या सासूबाई मागे बसतात. त्या पट्टा लावतात का? मागच्या सीटवरही पट्टा कायद्यानं सक्तीचा आहे, तरी आपल्याकडे मागचा पट्टा सीटखाली दाबलेला असतो. या गाडीत तो त्यांना स्वतःच्या हातानं ओढता येतो का, मानेला काचतो का, हे शोरूममध्येच बघा. जाहिरातीतली मुलगी काचेतून आभाळ बघते तेव्हा तिच्या खांद्यावर पट्टा होता का, तेही पुढच्या वेळी बघून घ्या. आणि घरी सगळ्यांना सांगून ठेवा, चालत्या गाडीत सनरूफमधून कुणी डोकं बाहेर काढायचं नाही.

सनरूफबद्दल माझं मत सरळ आहे. आपल्या गावात पारा ४५ च्या वर जातो. डोक्यावर काचेचं छप्पर घेऊन मे महिन्यात फिरायचं, तर आतली झडप बंद ठेवूनच फिरावं लागतं. पावसाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या थोड्या दिवसांसाठी त्या काचेचे किती पैसे जातात, ते दोन व्हेरिएंटच्या किमती शेजारी लिहून काढा. तेवढे देण्याची दोघांची हौस असेल तर खुशाल द्या.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्याचा, आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की गाडी खाली बसते. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यावर बऱ्याच वस्त्यांत घरं रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत. तुमचंही गेट उताराचं असेल तर शोरूमची गाडी घरी आणायला लावा, सगळ्यांना बसवा आणि गेटातून आत-बाहेर करून बघा. गेटची रुंदीही टेपनं मोजा. जाहिरातीतल्या घाटाला गेट नसतं. डिक्कीचे लिटर मी सोडून देते. त्यापेक्षा सासूबाईंची व्हीलचेअर किंवा वॉकर, जे काही असेल ते, आत मावतं का ते ठेवून बघा.

किमतीचं मात्र नीट ऐका. जाहिरातीत "पासून सुरू" लिहिलेली किंमत सर्वात खालच्या व्हेरिएंटची, आणि तीही एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओचा कर आणि विमा धरण्याआधीची. पडद्यावर दिसते ती बहुधा वरची. आरटीओचा कर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के. किंमत दहा लाखांच्या वर गेली की आणखी एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेतात. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण सुरुवातीला खिशातून जातोच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं, डीलरनं नव्हे. हे मी पोळलेल्या तोंडानं सांगते आहे. आमच्या गाडीच्या वेळी शोरूमवाल्यानं सांगितलं की विमा इथूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिलिव्हरी लांबेल. मी बँकेत याच खात्यात असूनही पाडव्याची डिलिव्हरी चुकू नये म्हणून मान हलवली. नंतर बाहेर विचारलं तर तेवढंच संरक्षण बरंच कमी पैशांत मिळत होतं. कोटेशनवर "हँडलिंग" म्हणूनही काही हजार होते. कशाचे, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. तुम्ही विचारा. कागदावरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि "हे कशाचं?" एवढंच म्हणा. तारांकित बारीक अक्षरंही वाचा. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असायला हवा आणि त्यानं मूळ दावा फिरवायचा नाही. जाहिरातीत ठाम सांगितलेलं प्रत्यक्षात मिळालं नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आता हप्ता, जिथे तुमचं मन अडलं आहे. दहा लाख, ९ टक्के व्याज, सात वर्षं धरली तर हप्ता १६,०८९ रुपये येतो. वहीत "सोळा हजार" आहे, ते बरोबर आहे. वहीत जे नाही ते असं. सात वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त व्याज जातं. तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर हप्ता २०,७५८ होतो आणि व्याज अडीच लाखांच्या आत राहतं. पाच वर्षांच्या हप्त्यानं घाम फुटतो म्हणून सात वर्षांचा दाखवतात. हप्ता छोटा दिसला की गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. पण सात वर्षांच्या कर्जात पाच वर्षं हप्ते भरूनसुद्धा आणखी साडेतीन लाख देणं उरलेलं असतं.

आणि ही सात वर्षं कोणती, ते मुलीच्या वयाशी लावून बघा. आज ती दहावीत आहे. अकरावी, बारावी, क्लास, मग चार वर्षांची पदवी म्हटली तरी हप्ता चालूच. ज्या कॉलेजच्या गेटपाशी जाहिरातीतला बाप मुलीला सोडतो, त्या कॉलेजची फी आणि त्या गाडीचा हप्ता तुमच्या घरी एकाच महिन्यात, एकाच पगारातून जाणार आहे. जाहिरात तिथेच थांबते, कारण पुढचा महिना तिला दाखवायचा नसतो. तुम्हाला हप्ता नको वाटतो तो यामुळे, असं मला वाटतं. तुम्हाला ते शब्दांत मांडता आलं नाही, पण तुमच्या पोटानं ते ओळखलं होतं. तेव्हा रडणाऱ्या तुम्ही, आणि हिशेबही तुमचाच पक्का निघाला.

माझा सल्ला असा की नऊ लाखांच्या आसपास ऑन रोड पडेल अशी गाडी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे या टप्प्यात चांगले पर्याय आहेत. साडेतीन लाख तुमचे, साडेपाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं. हप्ता साडेअकरा हजारांच्या आत येईल. मुलगी पदवीच्या मधल्या वर्षांत असताना कर्ज संपलेलं असेल. महिन्यातले २६ दिवस तुमचे मिस्टर गाडीत एकटेच असतात, हेही त्यांच्या वहीत नाही. सगळं घर एकत्र रामटेकला किंवा गावाला किती वेळा जातं, ते मागच्या वर्षाचं आठवून दोघांनी लिहा.

आता त्या ओळीबद्दल. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. मिस्टर अमरावतीला शिकायला निघाले तेव्हा त्यांचे वडील एसटी स्टँडपर्यंतसुद्धा आले नव्हते.

ताई, ती जाहिरात तुमच्या मिस्टरांसाठीच बनवल्यासारखी आहे. बाप स्वतः मुलीला सोडायला जातो आणि मुलगी पळत परत येते. अठराएक वर्षांच्या त्या मुलानं गणेशपेठला ट्रंक एकट्यानं वर चढवली असेल, आणि खिडकीतून फाटकाकडे बघितलं असेल. त्यांना त्यांच्या वडिलांचा राग असेल असं मी म्हणत नाही. ड्युटी होती हे त्यांनाही कळलं असणार. पण आपल्या मुलीच्या वेळी आपण गेटपर्यंत जायचं, हे त्यांनी कधीचं ठरवलं असावं, आणि ते सांगता येत नाही म्हणून ते एअरबॅग सांगतात. सासूबाईंनाही ते कळतं. "घेऊ दे" म्हणताना त्यांच्या मनात गाडी नाही, तो एसटी स्टँड आहे.

हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. म्हणून तुम्हीच विचारा. वही मिटलेली असताना, जेवणं झाल्यावर, मुलगी अभ्यासाला गेल्यावर विचारा, "अहो, तुम्ही अमरावतीला गेलात त्या दिवशी काय झालं होतं?" गाडीचं नावही काढू नका. ते बोलले तर बोलू द्या, पूर्ण होईपर्यंत मध्ये काही म्हणू नका. मग त्यांना हेही सांगा की मुलीला होस्टेलवर तुम्हीच सोडायचं, जी गाडी असेल तिच्यातून, आणि त्या दिवसाची रजा आत्तापासून ठरलेली. त्यानंतरच्या रविवारी वही काढा.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूम उघडल्या उघडल्या, गार सकाळी घेऊ नका. दुपारी दोनची वेळ मागून घ्या. पाचही सीट भरा. जास्तीचं माणूस शेजारचं कुणी न्या, पण भरा. सासूबाईंना मागे बसवा, एसी चालू करून मानेवाडा चौकातून एक चक्कर मारा, आणि परत आल्यावर त्या उतरताना हात कुठे टेकवतात तेवढं बघा. दाराच्या कडेवर टेकवत असतील तर पायरी उंच आहे. ती गाडी त्यांच्यासाठी नाही, मग वहीत काहीही लिहिलेलं असो.

तुमची,
काकू